तीन बरण्या

रे रोडच्या लाकूडबाजारात प्लायवूड घ्यायला आलेला सुतार शीटवर बोटांच्या पेरांनी टकटक करतो, कडेने थर मोजतो, एक डोळा मिटून वाक बघतो आणि मग भाव करायला लागतो. तात्या हे सगळं करायचे आणि शेवटी शीटची ताजी कापलेली कड नाकाशी न्यायचे. दुकानदार आपसात हसत. प्लायचा वास घेऊन माल ठरवणारा दुसरा सुतार त्यांनी पाहिला नव्हता.

तात्या मूळचे संगमेश्वराकडचे. त्यांचं काम फर्निचरचं नव्हे, पेट्यांचं. चित्रं आणि शिल्पं परगावी, परदेशी पाठवायच्या पेट्या. काळा घोड्याच्या गॅलऱ्यांतून, चित्रकारांच्या स्टुडिओंतून मापं यायची आणि एकेका कलाकृतीच्या अंगाबरोबर एकेक पेटी बेतली जायची. या कामात कौतुकाला जागा नाही. चित्र पोचलं की ते भिंतीवर जातं आणि पेटी गोदामात. पेटीबद्दल कुणी बोललंच तर समजावं, काहीतरी बिघडलं आहे. अशी कामं जन्मभर नेटकी करणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो, म्हणून ही गोष्ट सांगतो आहे.

तात्यांच्या हाताखाली त्यांचा पुतण्या होता. आयटीआय झालेला, हाताने चांगला, हिशेबाला त्याहून चांगला. तीन वर्षांत तो प्लायची भाषा शिकला होता. थर नेहमी विषम असतात, प्रत्येक थराचे रेषे खालच्या थराला आडवे बसवलेले असतात, म्हणून प्लाय लाकडासारखा एका दिशेने फुगत नाही की चिरत नाही, हे त्याला पाठ होतं. आतल्या थरात पोकळी राहिली असेल तर ठोकल्यावर आवाज बदलतो आणि त्या पोकळीत गेलेला स्क्रू नुसता फिरत राहतो, हे त्याने स्वतः अनुभवलं होतं. पेटीला खिळा मारायचा नाही, कारण हातोडीचा प्रत्येक ठोका आतल्या चित्राच्या रंगाला बसतो. झाकण बोल्टने बंद करायचं म्हणजे ते दहा वेळा उघडता येतं, हेही तो जाणत होता. फक्त वासाचं प्रकरण त्याला पटलं नव्हतं. वयाची सवय, असं तो समजून चालायचा.

मार्चच्या मध्यावर एक मोठं काम आलं. शिल्पकला शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई. त्यांनी कोळीवाड्यांतून जुन्या जाळ्यांची शिशाची वजनं गोळा केली होती. ती वितळवून नऊ होड्या ओतल्या होत्या, प्रत्येक होडी हातभर लांब, आणि होडीच्या पोटात कालवांचे शिंपले बसवले होते. न्हावा शेवाहून बोटीने युरोपात जायचं, तिथे तीन शहरांत प्रदर्शन, आणि मधल्या काळात महिनोन् महिने पेटीतच राहायचं. निघायची तारीख मेच्या अखेरीची.

"वजन बघता बारा एमएम चालेल ना रे?" तात्यांनी विचारलं.

"बाजूंना बारा, तळाला अठरा," पुतण्या म्हणाला. "शिसं आहे. लोखंडापेक्षाही जड."

तात्यांनी मान हलवली. उत्तर बरोबर होतं.

दोन दिवसांनी पुतण्या टेम्पो भरून प्लाय घेऊन आला. दहा शीट, नेहमीच्या निम्म्या भावात. कुठल्याशा ऑफिसच्या कामातून उरलेला माल. त्यावर आयएसआयचा शिक्का होता, वरचा पापुद्रा गुळगुळीत, कडेला एक पोकळी नाही, वाक नाही. त्याने तात्यांसमोर एका तुकड्यात स्क्रू पिळून दाखवला. पकड घट्ट. तात्यांनी शीट ठोकली, थर मोजले, पाठीला पाठ लावून दोन शीटांमधली फट बघितली. कुठेच बोट ठेवायला जागा नव्हती. मग त्यांनी कड कापली आणि नाकाशी नेली.

"एमआर आहे."

"आहे तर. कमर्शियल. पण पेटीला बाहेरून रंग लागणार, कंटेनरमध्ये बंद राहणार. पाणी कुठे लागतंय त्याला? मरीन घेऊन पैसे कशाला घालवायचे?"

यातही त्याचं फारसं चुकत नव्हतं. एमआर म्हणजे ओल सोसणारा, आणि सुताराच्या बोलीत कमर्शियल. त्यातले थर बहुतेक युरिया रेझिनने चिकटवलेले असतात. कपाटाला, पलंगाला तो उत्तम. मरीन प्लाय फिनॉल रेझिनचा. उकळत्या पाण्यात ७२ तास ठेवूनही त्याचे थर सुटू नयेत, अशी त्याच्या मानकाची अट आहे. फिनॉलची रेघ कडेला काळपट तपकिरी दिसते, युरियाची फिकी. पण गोंदात रंग मिसळूनही काळी रेघ आणता येते, म्हणून तात्या रेघेवर विसंबत नसत. शंका आली की चहाच्या पातेल्यात तुकडा उकळायला टाकत. पुतण्याचा मुद्दा सरळ होता: ही पेटी काही कुणी उकळणार नाही.

तात्यांनी वाद घातला नाही. माळ्यावरून लोणच्याच्या तीन काचेच्या बरण्या काढल्या, गरम पाण्याने धुतल्या, उन्हात वाळवल्या. बाईंकडून उरलेल्या वजनांपैकी तीन मागून आणली, बारीक पॉलिशपेपरने घासून चांदीसारखी चकचकीत केली. पहिल्या बरणीत नव्या प्लायचा तुकडा टाकला. दुसरीत त्यांच्या नेहमीच्या मरीन प्लायचा तेवढाच तुकडा. तिसरीत काहीच नाही. प्रत्येकीत एक शिशाचं वजन दोऱ्याने टांगलं, तळाला इवल्याशा बाटलीत थोडं पाणी ठेवलं, झाकणं घट्ट लावली आणि तिन्ही बरण्या पत्र्याखालच्या माळ्यावर नेऊन ठेवल्या, जिथे दुपारी हात ठेववत नाही.

"अठ्ठावीस दिवस," ते म्हणाले.

"आणि ही रिकामी कशाला?"

"ती सगळ्यात महत्त्वाची आहे," एवढंच बोलून तात्या खाली उतरले.

ही युक्ती त्यांची नव्हे. ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये अशी चाचणी बसवली. जे साहित्य वस्तूजवळ ठेवायचं ते चांदी, तांबं आणि शिसं यांच्या पट्ट्यांसोबत थोड्या पाण्यासह बंद करायचं, ६० अंशांत २८ दिवस ठेवायचं आणि मग कुठली पट्टी आजारी पडली ते बघायचं. जगभरची संग्रहालयं आजही तिच्यावर भरवसा ठेवतात. तात्यांकडे भट्टी नव्हती, मुंबईचा एप्रिल होता.

मधल्या दिवसांत पेटीच्या लाकडी पट्ट्यांची खरेदी झाली. पुतण्याने जुन्या पेट्यांच्या पाइनच्या पट्ट्या वापरायचं सुचवलं. तात्या म्हणाले, पट्टीवर शिक्का नसेल तर पेटी बंदरातूनच परत येईल. प्लाय उष्णतेत दाबून, गोंद घालून केलेला असतो, त्यात कीड जगत नाही, म्हणून त्याला आंतरराष्ट्रीय नियमातून सूट आहे. सबंध लाकडाला नाही. त्याच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश उष्णता सलग ३० मिनिटं पोचवायची किंवा मान्य धुरी द्यायची, आणि मग गव्हाच्या लोंबीचं चिन्ह असलेला शिक्का मारायचा. हा नियम उगाच आलेला नाही. लांब मिशांचा एक आशियाई भुंगा पेट्यांच्या लाकडातून अमेरिकेत उतरला, १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सापडला, आणि त्याला आवरण्यासाठी तिथे हजारो झाडं तोडावी लागली. आतला ऐवज सुखरूप पोचला असेल, पण पेटीने आपल्यासोबत काय नेलं हे कुणी पाहिलं नव्हतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी दोघं माळ्यावर चढले.

तिसऱ्या, रिकाम्या बरणीतलं शिसं थोडं मंदावलं होतं, पण होतं तसंच होतं. पहिल्या बरणीतल्या वजनावर तांदळाची पिठी भुरभुरावी तसा पांढरा थर आला होता. पुतण्याने नख लावलं तर ती पूड दोऱ्यावरून गळली. झाकण उघडताच आलेल्या वासाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग त्याने दुसरी बरणी उचलली, जरा आशेने. मरीनच्या बरणीतलं शिसंही स्वच्छ नव्हतं. पीठ नव्हतं, पण खालच्या अंगाला पांढुरके डाग होते.

"म्हणजे महागाचाही नापास?"

"लाकूड आहे ना ते," तात्या म्हणाले. "गोंद कितीही चांगला असला तरी लाकूड स्वतः श्वास सोडतं."

हा श्वास म्हणजे आम्लाची वाफ. लाकडातून ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं तेच, थोडंथोडं सुटत राहतं. युरिया रेझिनमधून फॉर्माल्डिहाइड सुटतं आणि त्याचं पुढे फॉर्मिक आम्ल होतं. मोकळ्या खोलीत ते वाऱ्यावर जातं, कुणाला कळतही नाही. बंद पेटीत मात्र ते साठतं, आणि शिशाला ते सगळ्यात आधी लागतं. गंमत नव्हे, पण चित्रकारांचा सफेदा शतकानुशतकं अशानेच बनवला जात होता: मडक्यात शिसं आणि व्हिनेगर एकत्र कोंडायचं, ऊब द्यायची आणि वर आलेला पांढरा थर खरवडायचा. आपली पेटी नकळत तेच मडकं होते. शंखशिंपल्यांनाही हीच बाधा. बाइन नावाच्या एका इंग्रज संग्राहकाने कपाटात ठेवलेल्या शंखांवर उगवणाऱ्या पांढऱ्या बुरशीसारख्या थराबद्दल १८९९ मध्ये लिहिलं. त्याने दोष जंतूंना दिला. दोष कपाटाचा होता. त्या विकाराला अजूनही बाइनचंच नाव आहे.

तात्यांनी तिन्ही वजनं कागदावर ओळीने मांडली. बराच वेळ ते बोलले नाहीत.

"वीस-बावीस वर्षं झाली," मग ते म्हणाले. "शिशाचा एक मुखवटा होता, एवढा. मी पेटी केली होती. अशी पेटी मी त्याआधी केली नव्हती आणि त्यानंतरही नाही. कोपरे असे की नख जाणार नाही, झाकणाला रबराची पट्टी, हवासुद्धा आत जायची नाही. लोक बघायला आले होते. प्लाय असाच, कमर्शियल. प्रदर्शन पुढे ढकललं गेलं आणि पेटी चौदा महिने गोदामात राहिली. उघडली तर मुखवट्यावर हे असं पीठ. नाकाचा शेंडा भुगा झालेला."

"मग?"

"मग काय. शिसं खराब झालं म्हणजे ओल लागली, असं सगळे म्हणाले. ओल कुणामुळे? गोदामाच्या राखणदारामुळे. पावसाळ्यात छप्पर गळलं असेल, त्याने सांगितलं नसेल. तो बिचारा शपथा घेत होता की एक थेंब पडला नाही. पेटी तर बाहेरून कोरडी ठणठणीत होती. त्याला कामावरून काढलं." तात्या थांबले. "झाकण उघडलं तेव्हा मी तिथे होतो. हाच वास आला होता. आज तुझ्या डोळ्यांत आलं तसं माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला काही कळलं नाही, हे खरं. पण वास आला होता, हेही खरं. आणि मी बोललो नाही. माझ्या पेटीची सगळे तारीफ करत होते."

पुढे काही वर्षांनी संग्रहालयात जतनाचं काम करणारे एक गृहस्थ कामाच्या निमित्ताने वर्कशॉपमध्ये आले. त्यांनी बोलता बोलता ही बरणीची चाचणी सांगितली. तात्यांनी त्याच आठवड्यात ती करून पाहिली. मग ते त्या मुखवट्याच्या शिल्पकाराच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. शिल्पकार रागावले नाहीत. "मग आता काय वापरतोस?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि त्या दिवशी तात्यांकडे उत्तर नव्हतं. राखणदाराचा पत्ता काढत ते गोदामापर्यंत गेले. तो गाव सोडूनही कुठेतरी गेला होता. सापडला नाही.

"ही रिकामी बरणी त्याची आहे," तात्या म्हणाले. "काच, पाणी, ऊन, झाकण, सगळं तेच. फक्त आपलं लाकूड नाही. तिच्यात शिसं टिकलं, म्हणजे आता दुसऱ्या कुणाचं नाव घेता येत नाही."

त्या संध्याकाळी पुतण्या एकटाच बाईंकडे गेला. तात्यांनी त्याला पाठवलं नव्हतं. आपण आधी चुकीचा प्लाय आणला होता, तो आता वापरणार नाही, पेटीचा खर्च वाढेल आणि वाढलेल्यातला त्या दहा शीटांचा भाग आमचा, हे त्याने उभ्याउभ्या सांगून टाकलं. बाईंनी वजनं हातात घेऊन उजेडात फिरवली. पीठ आलेलं वजन त्यांनी ठेवून घेतलं.

उत्तर कुठल्याच एका शीटमध्ये नव्हतं. बाहेरची पेटी फिनॉलच्या प्लायची ठरली, कारण तिला ताकद हवी होती आणि बंदरातली दमट हवा सोसायची होती. पण तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, असं गृहीत धरून आतलं सगळं बेतलं. कापलेल्या कडांतून वाफ जास्त सुटते, म्हणून आधी त्या बंद केल्या. मग अल्युमिनियमचा पदर असलेली फिल्म आतल्या प्रत्येक भिंतीला घरच्या इस्त्रीने चिकटवली; सांध्यांवर त्याच फिल्मची पट्टी. लाकडी पट्ट्या जोडायला पांढरा ग्लू अजिबात नाही, कारण तोही वाळताना आणि वाळल्यावर तेच आम्ल सोडतो. नुसते स्क्रू. आत पॉलिथिनचा दाट फोम, होडीच्या आकारात कोरलेला, आणि प्रत्येक होडीला आम्लरहित पुठ्ठ्याचा वेगळा डबा. बाहेरून रंग लावला तो आतलं काम होण्याच्या कितीतरी आधी, म्हणजे तो पुरता सुकेल.

त्या दहा शीट तात्यांनी टाकल्या नाहीत. "त्याला कशाला नावं ठेवायची? प्लाय चांगलाच आहे," ते म्हणाले. त्यातून वर्कशॉपचा नवा माळा झाला. हत्यारं, स्क्रूचे डबे, दोऱ्या तिथे खुशाल राहतात. तिन्ही बरण्याही त्याच माळ्यावर ठेवल्या आहेत.

पेटी पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर परत आली. तात्यांचे गुडघे तोवर गेले होते, ते घरीच असायचे. पुतण्याने पेटी एक दिवस बंदच ठेवली, कारण बाहेरच्या हवेशी जमवून घ्यायला तिला तेवढा वेळ द्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी वाहतूक कंपनीचा माणूस आला, बाईंचा विद्यार्थी आला, आणि पुतण्याने बोल्ट काढले. झाकण दोन बोटं वर उचलून त्याने आधी नाक आत घातलं. वास नव्हता. मग डबे एकेक करून टेबलावर ठेवले.

आठ होड्या जशा गेल्या तशाच होत्या, काळसर करड्या, शिंपले स्वच्छ. सातव्या होडीच्या डाव्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता.

"समुद्राची हवा," वाहतूक कंपनीचा माणूस म्हणाला. "किंवा तिकडच्या लोकांनी ओल्या हाताने धरली असेल. कुठल्या तरी एका शहरात तसं लिहून टाकू. विमा आहेच."

पुतण्याने टॉर्च घेतला आणि रिकाम्या पेटीत वाकला. भिंतींवरून, सांध्यांवरून बोट फिरवत गेला. सातव्या डब्याच्या मागे, तळाच्या कोपऱ्यात, फिल्मवरची पट्टी दोन इंच सुटली होती आणि प्लायची उघडी कड दिसत होती. त्या कोपऱ्यात इस्त्री त्यानेच फिरवली होती.

तो उठून टेबलाशी आला. कलाकृतीच्या स्थितीचा अहवाल प्रत्येक टप्प्यावर भरलेला होता आणि शेवटचा रकाना मोकळा होता. त्यात त्याने लिहिलं: होडी क्रमांक ७, डावी कड, सुमारे ३ मिलिमीटरचा पांढरा डाग. कारण, पेटीच्या अस्तरात तळाच्या कोपऱ्याला राहिलेली फट. वाहतुकीत किंवा प्रदर्शनात दोष नाही. पेटी आम्ही केली होती.

खाली सही करून त्याने तारीख घातली.